बिनपाण्याची बैठक

दामिनी : नको म्हटलं ना. ठेवा तो तांब्या खाली.

गिरधर : अगं, भादव्याचं ऊन आहे. आई मघापासून खुणेनं सांगतेय की सकाळपासून तुझ्या पोटात पाण्याचा थेंब नाही. मी दमून भागून घरात शिरतो, तर तू अशी ओसरीत पाहुण्यांच्या खाटेवर बसलेली. मांडीवर ही वही. काय चाललंय काय?

दामिनी : बैठक चालली आहे. बसा समोर. तो पाट घ्या.

गिरधर : कसली बैठक?

दामिनी : तुमचीच. गुजर समाज मुलींचे वसतिगृह बांधकाम समिती, सचिव गिरधरभाऊ, यांची बिनपाण्याची बैठक. आज फक्त मी तुमच्या जागी बसलेय आणि तुम्ही यजमान आहात.

गिरधर : उन्हानं डोकं फिरलं का तुझं?

दामिनी : रीत तुम्हीच काढली. लोकांच्या घरात शिरायचं, खाटेवर बसायचं, घरच्या बाईनं तांब्या पुढे केला की हात जोडायचे. "वहिनी, आधी मुलींच्या वसतिगृहाचा आकडा बोला, मग पाणी." झालं. दारी आलेला माणूस कोरडा बसलाय म्हटल्यावर त्या घरात कुणाला घास जातो का? म्हातारी आतून ओरडते, सून रडकुंडीला येते, आणि मालक अर्ध्या तासात आकडा बोलतो.

गिरधर : म्हणून तर काम झालं. दोन तालुक्यांत ही पद्धत उचलली लोकांनी. सुरतच्या मेळाव्यात माझा सत्कार केला त्याबद्दल.

दामिनी : शाल मिळाली. आईंच्या पायाशी घडी करून ठेवलीय ती. अकरावी. भादव्यात कुणाला शाल लागते हो?

गिरधर : तू पाणी पी आधी, मग बोलू.

दामिनी : आकडा बोला, मग पिते.

गिरधर : कसला आकडा पाहिजे तुला? घरात काय कमी आहे? केळीची गाडी गेली, सगळं तुझ्याच हातात दिलं.

दामिनी : रुपयाचा नाही. दिवसाचा. रोशनी उद्या पहाटे अकोल्याला निघणार. शेतकी कॉलेज, पहिलं वर्ष. तिला सोडायला घरातून कोण जाणार, ते बोला. मला तुमचा एक दिवस पाहिजे.

गिरधर : उद्या खापर गावी वर्गणीची बैठक आहे, माहीत आहे तुला. व्यापारी मंडळी महिन्यानं एकदा एका जागी सापडतात. समाजाचं काम आहे.

दामिनी : लिहू का असं? "यजमान म्हणतात, उद्या जमणार नाही."

गिरधर : पुढच्या वेळेस मी नक्की जाईन. दिवाळीला आणायला जाईन की.

दामिनी : वर्गणी मागायला गेलात तेव्हा छगनभाऊ काय म्हणाले होते तुम्हाला? "कापूस विकला की नक्की देतो." त्यांना काय उत्तर दिलं होतं तुम्ही?

गिरधर : ते वेगळं.

दामिनी : काय दिलं होतं?

गिरधर : म्हटलं होतं... की मुलगी कापसासाठी थांबत नाही.

दामिनी : टाळ्या पडल्या होत्या त्या वाक्याला. मला तुम्हीच जेवताना सांगितलं. दोनदा.

गिरधर : हे बघ, मी एकटा नाही ठरवू शकत. समितीला विचारावं लागेल.

दामिनी : "भावाला विचारून सांगतो." हे तर सगळ्यात जुनं. त्यावर तुम्ही म्हणता, "खुशाल विचारा, आम्ही बसतो." मीही बसते.

गिरधर : तुझं ब्लडप्रेशर आहे, दामिनी. चक्कर येऊन पडशील.

दामिनी : कोरीटला एक म्हातारा तुम्हाला हेच म्हणाला होता. तुम्ही म्हणालात, "पडलो तर समाजासाठी पडलो." मीही घरासाठी पडेन. शाल नको फक्त.

गिरधर : अगं, हळू बोल. दार उघडं आहे. लोक येता-जाता बघतायत.

दामिनी : बघू द्या. लोक बघत असले की आकडा लवकर निघतो, असं कोण म्हणतं?

गिरधर : ती पद्धत समाजासाठी आहे. घरात नाही चालत असं.

दामिनी : का? आपलं घर काय समाजाच्या बाहेर आहे?

गिरधर : शब्दात पकडू नकोस. तू जा ना तिच्याबरोबर. आई ती आई. हॉस्टेलमध्ये काय लागतं, काय नाही, ते तुला कळेल. मला काय कळणार आहे त्यातलं?

दामिनी : दहा वर्षं मुलींच्या वसतिगृहाचं काम करताय आणि मुलीला वसतिगृहात काय लागतं ते कळत नाही?

गिरधर : मी बांधकाम बघतो.

दामिनी : तेही जोत्याच्या वर आलेलं नाही. पहिली पावती फाडली तेव्हा रोशनी दुसरीत होती. सगळ्यांना सांगत फिरायची, "मी मोठी झाले की पप्पांच्या हॉस्टेलमध्ये राहीन." आता बारावी होऊन निघाली ती, आणि तुमच्या जोत्यावर शेळ्या बसतात.

गिरधर : मोठ्या कामाला वेळ लागतो.

दामिनी : लागू द्या. आणि मी जावं म्हणालात, ते बरं आठवलं. मी गेले तर आईंना बघायचं कोण? दोन वर्षं झाली त्यांना अर्धांग होऊन. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. आता या घडीला त्यांना कुठल्या कुशीवर करायचंय, सांगा बरं.

गिरधर : ...उजव्या?

दामिनी : आत्ता त्या उजव्याच कुशीवर आहेत.

गिरधर : कामाला येते त्या फुलीबाईला बसवू एक दिवस.

दामिनी : फुलीबाईला एकटीला त्या उचलत नाहीत. दोन वर्षांत मी एक रात्र घराबाहेर काढलेली नाही. माहेरचं लग्न सोडलं. बोलले का काही? समाजाचं काम आहे, म्हटलं, करू दे माणसाला. बारावीचा निकाल लागला त्या दिवशी तुम्ही कोरीटला होतात. पोरीला किती टक्के पडले ते तुम्हाला तुमच्या समितीतल्या रूपचंदभाऊंनी सांगितलं. तेव्हाही गप्प बसले. पण उद्या नाही. सहा-सात तासांचं लांब गाव, पोर पहिल्यांदा घर सोडतेय. तिथे प्रत्येक मुलीबरोबर कुणीतरी असेल. आपली एकटी गादी उचलून जिना चढेल. मला रडू येतं हो त्याचं. तुम्हाला नाही येत?

गिरधर : येतं.

दामिनी : मग?

गिरधर : असं करू. नंदुरबार स्टेशनपर्यंत मी सोडतो. गाडीत जागा बघून बसवतो. भुसावळला माझा साडू डब्यात येऊन बघून जाईल. अकोल्याला आपल्या समाजाचं कुणी ना कुणी निघेलच. मी तिथूनच खापर गाठतो.

दामिनी : म्हणजे अर्धा दिवस.

गिरधर : अर्धा म्हण.

दामिनी : हप्ते आम्ही घेत नाही. एकरकमी. हेही तुमचंच.

गिरधर : तू माझीच सगळी वाक्यं माझ्या अंगावर सोडणार आहेस का?

दामिनी : रोज सकाळी दाढी करताना आरशासमोर म्हणता. "मुलगी उंबऱ्याबाहेर पहिलं पाऊल टाकते, तेव्हा तिच्या पाठीशी समाज उभा पाहिजे." पाठ झालंय माझं. आईंनासुद्धा झालं असेल, बोलता येत नाही म्हणून वाचलात.

गिरधर : दामिनी, ओठ सुकलेत तुझे.

दामिनी : सुकू द्या.

गिरधर : एक घोट घे. माझ्या समोर असं नको बसूस. माझ्याच घरात, माझ्याच बायकोनं... मला नाही बघवत.

दामिनी : लोकांनाही नाही बघवत. म्हणून तर देतात.

(गिरधर तांब्या तिच्यापुढे सरकवतो.)

दामिनी : बसू का अजून?

गिरधर : बरं. लिही. एक दिवस.

दामिनी : मोठ्यानं बोला. कोणाचा, कशासाठी, सगळं. पावतीवर मोघम लिहीत नाहीत.

गिरधर : उद्याचा एक दिवस. सबंध. रोशनीला मी अकोल्याला सोडायला जाईन. खोलीत गादी टाकून देईन, मग परत फिरेन. खापर रद्द. झालं समाधान?

दामिनी : शब्द?

गिरधर : शब्द. पी आता.

(दामिनी तांब्या उचलून तोंडाला लावते. गिरधर तिच्याकडे बघत राहतो. बाहेर मोटरसायकल थांबते.)

रूपचंद : गिरधरभाऊ, घरमा शेतस का? जरा हात लावा. जड शे हाई.

गिरधर : ये रे, बरं झालं आलास. तुला फोन करणारच होतो. ऐक, उद्या खापरला माझं येणं होत नाही. तूच सांभाळ बैठक. पाण्याचं लक्षात ठेव, पहिल्यांदा तांब्या आला की लगेच नाही म्हणायचं नाही, आधी हातात घ्यायचा आणि मग खाली ठेवायचा.

रूपचंद : मी बी तेच सांगाले उनू. मन्हं बी सकाय खापर व्हवाव नही.

गिरधर : का? उद्या दोघंही नसलो तर बैठक घेणार कोण? समितीच्या दिवशी असं नाही चालत, रूपचंद. घरचं काम असेल तर पुढे ढकल. आणि ही ट्रंक कुणाची?

रूपचंद : रोशनीनी. शहादाथून लयनूत, एकच गाडीवर. ती मांगे उतरनी, गादी सोडी ऱ्हायनी.

दामिनी : रोशनी तुमच्याबरोबर होती? मला तर म्हणाली, संध्याबरोबर जातेय बाजारात.

रूपचंद : संध्या बी व्हती. पन ट्रंक पोरीसनी कशी उचलतीन, वहिनी? आनि माले बी मन्हा टिकीट काढनं व्हतं. सकाय मी अकोला जाई ऱ्हायनू.

गिरधर : अकोल्याला तुझं काय काम?

रूपचंद : मन्हं काय काम? रोशनीले सोडानं शे.

गिरधर : तुला कुणी सांगितलं?

रूपचंद : तिन्हीच. परवा मन्हा घर उनी व्हती. ओटावर बठनी, चहा पिनी, दोन बिस्कीट खाधं. मंग म्हने, काका, मन्हासंगे अकोला येशात का? मी म्हनं, येसू.

गिरधर : एवढ्यावर हो म्हणालास?

रूपचंद : आनखी काय ऱ्हास त्यामा? पोरनं इचारं, मी हा म्हनं.

गिरधर : मला का नाही विचारलंस?

रूपचंद : माले वाटनं तुमीच धाडी व्हई तिले. तुमी समाजना कामना माणूस. कोनतं घर तुमले मोकळं सोडस?

दामिनी : आणि मी इथे सकाळपासून घसा कोरडा करून बसलेय.

रूपचंद : कसाले, वहिनी? काय व्हयनं?

दामिनी : काही नाही भाऊ. यांच्याकडून एक दिवस वसूल केला. दुपार गेली त्यात.

गिरधर : रूपचंद, तू उद्या राहू दे. मी जातोय तिच्याबरोबर. आत्ताच ठरलं.

रूपचंद : चांगलं ठरनं. पन शब्द मी तिले दिन्हा शे. तुमले नही.

गिरधर : अरे, बाप मी आहे का तू? मन्ही पोर शे ती, रूपचंद. मन्ही.

रूपचंद : मी कधय नही म्हनं? तिलेच इचारा. हाई काय, उनी.

रोशनी : मम्मी, गादी इथेच ठेवू का? आत आजीच्या खाटेला अडचण होईल.

गिरधर : रोशनी, उद्या मी येतोय तुझ्याबरोबर. खापरची बैठक सोडली. काकांना कशाला त्रास देतेस?

रोशनी : खरंच सोडली?

गिरधर : सोडली. आईला विचार. वहीत लिहून दिलंय.

रोशनी : वहीत?

दामिनी : जाऊ दे ते. येतायत ते, बेटा.

गिरधर : पण तू रूपचंदला विचारलंस, हे मला नाही आवडलं. घरातला बाप सोडून बाहेरच्या माणसाला... मला का नाही विचारलंस तू?

रोशनी : विचारलं होतं, पप्पा. निकाल लागला तेव्हा विचारलं. प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा विचारलं. मग गणपतीत, तुम्ही आरतीला घाईत होतात तेव्हा. आणि मागच्या रविवारी गाडीला किक मारत होतात तेव्हा. तुम्ही म्हणालात, "बघू."

गिरधर : बघू म्हणजे नाही असं नसतं.

रोशनी : माहीत आहे. म्हणून चार वेळा विचारलं.

रूपचंद : ऱ्हाऊ दे पोरी. तुन्हा पप्पा येस तं चांगलंच शे. मी खापर जासू.

रोशनी : नाही काका. तुमचं तिकीट काढून झालंय. तुम्ही चला.

गिरधर : आणि मी?

रोशनी : तुम्हीपण या, पप्पा. जमलं तर.