रसातली फळं

वच्छलाबाई : गॅस बारीक कर, दिपमाला. आमरस खाली लागतो.

दिपमाला : केला, आई. गूळ किती घालू?

वच्छलाबाई : मूठभर. चाखू नको बरं. आज आखाजीची घागर माझ्या लेकाच्या, ज्ञानेश्वरच्या नावानं भरायची शे. त्याच्या पानावर पडल्याबिगर कोनाच्या तोंडात आंबा जायला नको.

दिपमाला : माहीत आहे. अक्षय्य तृतीयेला आधी पितरांचं पान, मग आपलं.

वच्छलाबाई : मागच्या आखाजीले सुतक व्हतं, घागर राहूनच गेली. औंदा त्याच्या आवडीचं समदं करायचं. कनकेची गोळी घे, अंगठ्यानं दाब, सोड रसात. माझी सासू अशीच करे. आता कोन खातं ही कनकेची फळं? त्याले एकट्यालेच लागायची.

दिपमाला : सोडली सगळी.

वच्छलाबाई : ती पाह्य, वर आली. उतरव.

दिपमाला : नको, अजून झाकून ठेवू. वर आली तरी मधून कच्ची राहतात.

वच्छलाबाई : तुले काय माहीत? तुझ्या पाचोऱ्याच्या माहेरी तं कोनी करत नई. अन इथं मी तुले कधी करू दिली नई.

(दिपमाला झाकण ठेवते.)

दिपमाला : मी केली होती, आई. ते जायच्या चार दिवस आधी. तुम्ही पहूरला अंगारा आणायला गेला होता तेव्हा.

वच्छलाबाई : आखाजीच्या आधी?

दिपमाला : दवाखान्यानं घरी पाठवलं होतं. पाणीसुद्धा घशाखाली जेमतेम उतरत होतं, आणि फळं मागत होते. तुम्ही म्हणालात, आठ दिवस थांब, पितरांच्या आधी आंबा खायचा नसतो.

वच्छलाबाई : म्हनलं व्हतं मी.

दिपमाला : वास जाऊ नये म्हणून खिडकी लावली. घाबरून मी सारखं झाकण उघडत होते, म्हणून कच्ची राहिली. तशीच दिली. आणि चौथ्या दिवशी... वर्षभर वाटतंय, माझ्यामुळेच झालं. पितरांचं मी आधी त्यांना दिलं.

वच्छलाबाई : अन मी वर्सभर काय म्हनत बसली, सांगू? आठ दिवसांसाठी मी लेकराच्या तोंडचा घास अडवला. ज्या पितरांसाठी राखला, त्यांच्यातच जाऊन बसला तो. उपाशी गेला माझा पोरगा, हेच छातीशी धरून बसली व्हती मी.

दिपमाला : उपाशी नाही गेले, आई.

वच्छलाबाई : किती खाल्ली?

दिपमाला : तीन. आणि चौथं अर्धं. म्हणाले, आईची अशी कच्ची नसतात. जरा हसलेही. मग म्हणाले, आईला सांगू नको, ओरडेल तुला.

वच्छलाबाई : वरडलीच असती.

दिपमाला : आता ओरडा.

वच्छलाबाई : आता कशाले? तू दिलं म्हनून तं गेला नई तो. डाक्तरानं आधीच हात टेकले व्हते. डोळे पूस. अन झाकनाले हात लावू नको, आज नीट शिजू दे.

दिपमाला : बघा आता. झाली वाटतं.

वच्छलाबाई : हां, झाली. केळीचं पान घे.

दिपमाला : किती वाढू?

वच्छलाबाई : चार वाढ. चौथं त्याचं अर्धंच राह्यलं व्हतं.