तहानलेला पाइप

इंजिनियर: या पावडरच्या पाकिटावर स्वच्छ लिहिलंय, काका. दोन पुड्या पाण्यात कालवा, पाइपात सोडा, मागून काँक्रीट. आतून बुळबुळीत झालं की माल सरसर वर जातो. तुमचं सिमेंट कालवायला अर्धा तास जाईल आणि काँक्रीटची गाडी गेटवर उभी आहे.

पंपवाला: उभी राहू द्या. तिचा ड्रम फिरतोय तोवर माल जिवंत आहे. आणि पुडीला मी नावं ठेवत नाही, मॅडम. पलीकडच्या इमारतीत आठव्या मजल्यापर्यंत पुडीवरच चालवलं. आज अडतिसावा आहे.

इंजिनियर: मागचा स्लॅब याच पाइपातून गेला ना?

पंपवाला: याच नाही. खालचे सात तुकडे काल बदलले. इकडे या, हा जोड अजून उघडा आहे. हातमोजा काढा, आत हात घाला. भिऊ नका, पंपाची किल्ली माझ्या खिशात आहे.

इंजिनियर: खरखरीत लागतंय. आणि तापलाय केवढा.

पंपवाला: नवा पाइप, वर्षभर गोदामात गंजत पडला होता. सकाळपासून उन्हात आहे. याला तहान लागलीय. पहिला माल आत शिरला की त्यातलं सिमेंटचं पाणी हा पिऊन टाकणार. उरणार कोरडी खडी. ती वळणावर दाटली की बूच बसलं.

इंजिनियर: पण पुडीचं पाणी भिंतींना तेच पाजतं.

पंपवाला: गुळगुळीत पाइपाला पाजतं. याच्या खाचा भरायला अंग असलेलं काहीतरी लागेल. सिमेंट आणि बारीक वाळू.

इंजिनियर: खरं सांगू का? साहेब रजेवर आहेत. माझ्या एकटीच्या सहीनं पडणारा हा पहिला स्लॅब. दुपारनंतर वारा वाढणार म्हणतात. उशीर झाला तर काम अर्ध्यावर थांबवायला लागेल, आणि सगळे म्हणणार, पोरीला जमलं नाही.

पंपवाला: म्हणू देत. तुम्ही सही करून दिलीत तरी पुडीवर मी आज बटण दाबणार नाही. दुसरा पंपवाला बोलवा, मी बाजूला बसतो.

इंजिनियर: एवढं काय आहे त्यात, काका?

पंपवाला: वर पाइपाच्या टोकाला रबरी नळी धरून कोण उभा आहे, माहीत आहे?

इंजिनियर: वॉकीटॉकीवर तुम्हाला दाजी म्हणतात ते?

पंपवाला: माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी असाच पाइप होता, अशीच गाडी दारात. तेव्हा अर्धा तास मीच वाचवला. म्हटलं, नुसतं पाणी मारा, चालतंय. विसाव्या मजल्याजवळ बूच बसलं. मी पंप पुढे-मागे करत राहिलो. आत हवा कोंडली, मग एकदम सुटली. वर ती नळी चाबकासारखी फिरली आणि त्याच्या डोक्यावर बसली. तेव्हापासून डाव्या कानानं त्याला ऐकू येत नाही.

इंजिनियर: आणि तरी ते तुमच्याच लाइनवर उभे राहतात?

पंपवाला: बायको सहा महिने माझ्याशी धड बोलली नाही. आणि हा पठ्ठ्या दवाखान्यात शुद्धीवर आला तेव्हा पहिलं काय बोलला? "दाजी, पंप धुतलात का? आत माल सुकेल." त्याच्यापुढे मला मान वर करता येईना. बरा झाला तसा परत आला. नळी दुसऱ्याच्या हातात देत नाही. एवढा विश्वास माणूस कुठून आणतो, मला अजून कळलेलं नाही.

इंजिनियर: काय काय लागेल, सांगा.

पंपवाला: आधी पाणी, पाइप भिजेल एवढं. मग स्पंजचा चेंडू, म्हणजे पुढचं पाणी मागच्यात मिसळत नाही. चेंडूमागे दाट सिमेंटचं पाणी. त्यामागे सिमेंट-वाळू, खडी अजिबात नको. मग काँक्रीट.

इंजिनियर: पाइप एकशेसाठ मीटर. व्यास सव्वाशे मिलिमीटर. थांबा, आकडा काढते. सिमेंट-वाळू अर्धा घनमीटर पुरे.

पंपवाला: मी घमेल्यांत मोजतो. पण उत्तर तेच येतं.

इंजिनियर: आणि यातलं काही स्लॅबमध्ये पडता कामा नये. बिनखडीचा माल पडला तर तेवढा भाग कच्चा राहील. वॉकी द्या. हॅलो, वरती चार मोठी पिंपं आहेत का?

मेहुणा: आहेत, मॅडम. कोण बोलतंय? जरा मोठ्यानं बोला, या कानाला वारा लागतोय.

इंजिनियर: मी इंजिनियर. खडी दिसेपर्यंत सगळं पिंपात घ्यायचं. आणि तुम्ही नळीच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूला.

मेहुणा: दाजींनी शिकवलेलं दिसतंय. बरं, बाजूला.

(अर्ध्या तासानंतर. पंप सुरू होतो.)

पंपवाला: या जोडाच्या वर हात ठेवा. हलकेच. काय लागतंय?

इंजिनियर: ठोका. थांबतो, परत येतो.

पंपवाला: गाय पाणी पिते तेव्हा तिच्या गळ्याला हात लावलाय कधी?

इंजिनियर: हो, लहानपणी. तसंच आहे. अगदी तसंच.

पंपवाला: ठोका सारखा आहे तोवर काळजी नाही. बूच बसायला लागलं की पंप कण्हतो. वर पोचायला चार मिनिटं.

इंजिनियर: एवढी खडी, एवढं वजन, काका. सरळ उभं चढतंय. हे मी परीक्षेत सोडवलंय, दाबाचं गणित. पूर्ण गुण होते. तेव्हा असं काही वाटलं नव्हतं.

पंपवाला: मला तीस वर्षं झाली. अजून पहिली चार मिनिटं मी कुणाशी बोलत नाही. आज बोललो.

मेहुणा: दाजी, चेंडू आला. मागून राखाडी पाणी. पिंपात घेतोय.

पंपवाला: ऐकतोय.

मेहुणा: आता वाळू. मऊ येतेय. चौथं पिंप लावलं. थांबा. खडी दिसली, दाजी. एकेक खडा सिमेंटात न्हालेला.

पंपवाला: मॅडम, सही तुमची. हुकूमही तुम्हीच द्या.

इंजिनियर: नळी स्लॅबवर घ्या. सोडा.

मेहुणा: सोडलं. छान पसरतंय, मॅडम. सायीसारखं.

इंजिनियर: इथून काहीच दिसत नाही, काका. नुसता पाइप वर गेलेला दिसतो.

पंपवाला: दिसत नाहीच. माल पाइपात असताना पंपवाल्याला जागा सोडता येत नाही. एवढे मजले चढवले, पण एकही भरताना मी पाहिलेला नाही.

इंजिनियर: एकही नाही?

पंपवाला: एकही नाही. लिफ्ट खाली आलीय बघा. तुम्ही जाऊन या. आणि मग मला सांगा, कसं दिसतं ते.