नवेगाव बांधावरचा पहारा

स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी न् वसंता गोंदियाहून चाळीस मैल सायकल हाणत नवेगाव बांधला गेलो होतो, ते सांगितलं का तुम्हाला? तलावाकाठी चादरीचा तंबू ठोकत होतो, तर एक म्हातारा ढिवर हातातलं जाळं टाकून जवळ आला.

"कोनाकडे आले?"

"कोणाकडेच नाही. तलाव पाहायला आलो."

"सायकलनं? घरी भांडन झाला का?"

"नाही हो!"

"मंग मॅट्रिक नापास झाले?"

वसंता खरंच नापास झाला होता. तो मान खाली घालून खुंटी ठोकत राहिला. झालं! म्हाताऱ्यानं आमच्या न् पाण्याच्या मधोमध ठाणच मांडलं, हलेचना. घरून भात न् मासोळीचं कालवण मागवलं. वसंतानं तीनदा भात मागून घेतला.

तसा म्हातारा धोतर झटकून उठला.

"जाऊन राहिलो मी. जीव देनारा मानूस एवढा जेवत नाही."