छातीवरची पट्टी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय विजयसिंह आबा, सत्कारमूर्ती डॉक्टर मेघना ओव्हाळ मॅडम, व्यासपीठावरचे मान्यवर, आणि पंख्याखालच्या जागा धरून बसलेल्या माझ्या शेळगावच्या बंधू-भगिनींनो,

मी द्वारकाबाई. बचत गटाची अध्यक्ष असले, तरी आज उभी आहे ती मॅडमची पेशंट म्हणून.

मॅडमनी माझ्या मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर सरकवली आणि हृदयात नवी झडप बसवली. छाती उघडली नाही. चौथ्या दिवशी मी घरी! केवढं हे विज्ञान! पण विज्ञानानं आमच्या घराचा विचार केला होता का?

आबांचं बायपास झालं, तेव्हा छातीवर वीतभर व्रण उमटला. (आबा, गुंडी राहू द्या, सगळ्यांनी पाहिलाय.) सहा महिने त्यांना पाण्याचा तांब्या हातात मिळाला. माझा व्रण एवढासा, तोही चारचौघांत दाखवायच्या जागी नाही. भेटायला आलेल्या बायका छातीकडं बघून हिरमुसल्या. आमचे मालक म्हणाले, "कापलंच न्हाय, तर आपरेशन कसलं? म्हशी वरडत्यात, ऊठ."

उठले. दोन बादल्या उचलल्या आणि मांडीतून रक्त आलं. खोटं कशाला सांगू, फार घाबरले. मॅडमनी रक्त थांबवलं, घरची हकीकत विचारली आणि गळ्यापासून पोटापर्यंत पांढरीशुभ्र पट्टी चिकटवली. मालकांना म्हणाल्या, "महिनाभर ही निघणार नाही. यांनी काही उचलायचं नाही."

पट्टीखाली काय होतं? काही नव्हतं, बंधू-भगिनींनो! पण त्या महिन्यात मालकांनी भाकरी थापली. जाडजूड होती. खाताना मला रडू आलं.

मालक, उठू नका. चहा यायचाय अजून.

मॅडम, तुम्ही उद्या पुण्याला निघालात. वाईट वाटतंच, पण भीती जास्त वाटते. सोमवारी माझ्या धाकट्या जावेचं, रंगूबाईचं, असंच नळीचं ऑपरेशन आहे. नवे डॉक्टर हुशार असतील, पण त्यांना आमची घरं कुठं ठाऊक? तिला पट्टी कोण चिकटवणार? म्हणून आज सगळ्यांसमोर गुपित फोडलं.

संयोजकांचे मनापासून आभार. काही चुकलं-माकलं असेल तर पदरात घ्या. आता एवढंच राहिलं. दत्तोबा भाऊजी, रंगूचे मालक तुमी. तिच्या छातीवर काय बी दिसणार न्हाय. महिनाभर धारा तुमी काढणार, का मी हितंच उभी राहू?

माईक तुमच्याकडं पाठवलाय. मोठ्यानं बोला.