माळकऱ्याचं लिव्हर

मंडळी, ऐका! एकच विचारतो — लाज कशाची धरावी? दुखण्याची, की दुखणं लपवण्याची? नुसत्या माना डोलवू नका! डोलणाऱ्या माना फार पाहिल्यात मी!

आमच्या पलीकडच्या गावात श्रीपतीअण्णा कुदळे म्हणून विणेकरी. गळ्यात तुळशीची माळ, जन्मात दारूचा थेंब नाही. पण मधुमेह! आणि पोट? वीणा पोटावरच टेकायची, धरायला हात लागत नव्हता! — पखवाजवाले, तुम्ही हसू नका, तुमचंही तेच आहे! तर डॉक्टर मुजावरबाईंनी सोनोग्राफी केली नि म्हणाल्या, "अण्णा, लिव्हरमध्ये चरबी साठलीय."

झालं! अण्णा ताडकन उठले. "बाई, मी माळकरी माणूस! लिव्हर दारुड्याचं जातं!"

"न पिणाऱ्यालाही होतं, अण्णा. साखर वाढलीय, वजन वाढलंय. वजन उतरवा, रोज चाला, गोड सोडा, साखरेच्या गोळ्या चुकवू नका. आत्ता सुधारेल. लिव्हर एकदा घट्ट झालं, की माझ्याही हातात फारसं राहायचं नाही."

काय वाईट सांगितलं हो बाईनं? पण अण्णांच्या डोक्यात एकच — गावाला 'लिव्हर' कळलं की माळेची अब्रू गेली! घरी हौसाबाईंना म्हणाले, "सगळं ठीक आहे." वर स्वतःच डॉक्टर झाले — ह्या गोळ्यांनीच लिव्हर बिघडलं! गोळ्या बंद! आणि शिरा? तो चालूच! म्हणे, प्रसादाला नाही कसं म्हणायचं? अरे, प्रसाद कणभर घ्यायचा असतो! हे वाटी वाटी हाणणार, आणि नाव देवाचं!

मग व्हायचं तेच झालं. साखर भडकली. ऐन भजनात अण्णा वीणा घेऊन उभे — जिभेला कोरड, डोळ्यांपुढे अंधारी! एक झोकांडी, नि धाडकन खाली! आणि मागून कुणीतरी काय म्हणावं? "टाकून आलाय वाटतं!"

घ्या! ज्या बोलाला अण्णा भ्याले, तोच बोल भर देवळात!

दवाखान्यात सलाईन लागलं, अण्णा सावध झाले, नि हौसाबाईंचा हात धरून रडायला लागले. "लिव्हरचं लपवलं गं मी. गोळ्याही सोडल्या. लोक दारुडा म्हणतील, ह्याची भीती वाटली."

हौसाबाई भडकल्या. "म्हणू देत की! दारुड्याची बायको म्हणून गावभर मिरवीन मी! पण तुम्ही गेल्यावर कुणाची बायको म्हणून मिरवू, ते सांगा!"

मुजावरबाई म्हणाल्या, "अजून वेळ गेली नाही." तेव्हा कुठं त्यांनी मुकाट्यानं गोळी घेतली. आता रोज सकाळी चालतात, हौसाबाई मागं हाकायला!

आणि तुम्ही? इतका वेळ खो खो हसत होता, आता चार-सहा जण जमिनीकडं बघतायत. मला इथनं दिसतंय बरं! अरे बाबांनो, घरच्यांना तुमची अब्रू नको, तुम्ही हवे आहात! जा घरी, आणि पानावर बसण्याआधी खरं सांगा. तेवढं धैर्य नसेल, तर उद्या इथं टाळ कुटायलाही येऊ नका!