न झालेल्या तासांची हजेरी

आजच्या गुणगौरव समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, पुण्याहून वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, आपले प्राचार्य सर, व्यासपीठावरचे संस्थेचे सर्व संचालक, समोर बसलेले पालक, प्राध्यापकवर्ग, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले माझे मित्रमैत्रिणी, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार. संचालकांमध्ये माझे वडीलही बसले आहेत. घरी आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. इथे संपतराव म्हणायला माझी जीभ वळत नाही, तेवढं चालवून घ्यावं.

मी वरवंडची राजनंदिनी. तृतीय वर्ष वाणिज्यच्या बिझनेस इकॉनॉमिक्समध्ये मी कॉलेजात पहिली आले, म्हणून विद्यार्थ्यांच्या वतीने मनोगत सांगण्याचं काम माझ्याकडे आलं. दादा, माइक जरा खाली कराल का? हां, आभारी आहे.

प्राचार्य सर आत्ताच म्हणाले, की यंदाचा निकाल हे अर्थशास्त्र विभागाच्या अथक परिश्रमांचं फळ आहे. गेटवरच्या फ्लेक्सवरही तेच छापलं आहे. पाहुण्यांना कदाचित ठाऊक नसेल, म्हणून नम्रपणे सांगते. आमच्या कॉलेजात वर्षभर अर्थशास्त्राला शिक्षक नव्हते. आधीचे सर निवृत्त झाले आणि त्यांची जागा रिकामीच राहिली. तासिका तत्त्वावर एक सर आले, ते दिवाळीनंतर फिरकले नाहीत. वेळापत्रकात मात्र रोज सकाळी इकॉनॉमिक्स असायचं. आम्ही वर्गात बसायचो, शिपाईमामा हजेरीचा कागद फिरवायचे, आम्ही सह्या करायचो आणि उठून जायचो. मग हे परिश्रम घेतले कुणी?

करुणानं घेतले.

करुणा आमच्याच वर्गातली, राहणारी दौंडचीच. कुरकुंभला एका कारखान्यात पॅकिंगला जायची. वडील नाहीत. आई, विठाबाई, दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जातात. करुणाची एक आठवडा पहिली शिफ्ट, एक आठवडा दुसरी. दुसरी असली की सकाळी कॉलेजात यायची, पहिली असली की येणं व्हायचंच नाही.

सुरुवात विक्रममुळे झाली. विक्रम तिथे मागे उभा आहे, आता खाली बघतोय. इकॉनॉमिक्स त्याचं मागं राहिलं होतं आणि कॉलेज सोडून भावाचा टेम्पो चालवायचं त्यानं ठरवलं होतं. कँटीनमध्ये त्यानं सहज विचारलं, "करुणा, मागणीची लवचिकता म्हंजी नक्की काय गं?"

ती म्हणाली, "मीठ महागलं तर तुझी आई आमटी अळणी करती का?"

"न्हाई."

"आन् बदाम महागले तर?"

"आमच्यात बदाम कवा आणलेत?"

"मग तेच लिही पेपरात. मिठाची मागणी लवचिक न्हाई, बदामाची हाय."

दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती आम्ही सहाजण होतो. कॉलेजची अभ्यासिका पाच वाजता बंद होते, म्हणून तिची पहिली शिफ्ट असली की संध्याकाळी आम्ही तिच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये बसू लागलो. तिथे फळा होता, पंखा होता आणि कुणी हटकत नव्हतं. मी इंग्रजी पुस्तकातलं मराठीत सांगायचे. विक्रमच्या घरी कोंबड्यांचं शेड आहे, त्यानं खाद्याच्या पोत्यांवरून आम्हाला ना नफा ना तोटा बिंदू असा समजावला, की तो मी आता मरेपर्यंत विसरायची नाही. इकॉनॉमिक्स मात्र करुणाचं.

आप्पांना हे कळलं, तेव्हा ते म्हणाले, "अभ्यासाला दौंडात तेवढीच जागा उरली व्हय?"

मी म्हणाले, "फळा तिथंच हाय, आप्पा." आणि जात राहिले.

एका संध्याकाळी ती संधी खर्च शिकवत होती. आम्हाला व्याख्या पाठ होती, पण डोक्यात शिरत नव्हती. ती म्हणाली, "आज मला ओव्हरटाइम होता. तो सोडून मी तुमच्यापुढं उभी हाय. जे सोडलं, ती या तासाची किंमत."

विक्रमनं पेन खाली ठेवलं. "मग तू जा ना कामावर."

"गप बस. याच्यावर हमखास प्रश्न येतो," ती म्हणाली आणि फळ्याकडे वळली.

परीक्षेच्या आधी नोटीस लागली. ज्यांची हजेरी कमी, त्यांना हॉलतिकीट मिळणार नाही. यादीत बरीच नावं होती. मग पालक आले, डॉक्टरांचे दाखले आले, कुणाच्या मामांचे फोन आले, आणि एकेक नाव कमी होत गेलं. करुणाचं राहिलं. विठाबाई रोजगार बुडवून आल्या आणि ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. सर मीटिंगमध्ये होते. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या, तेव्हा त्यांना सांगितलं, की पालकांनी भेटायची मुदत काल संपली.

मग मी आणि करुणा प्राचार्य सरांकडे गेलो. सर, तुम्हाला आठवत असेल. करुणानं विचारलं होतं, "सर, इकॉनॉमिक्सचे तास झालेच न्हाईत, तर मी गैरहजर कशी?"

तुम्ही म्हणालात, "रजिस्टरला झालेले आहेत."

मी म्हणाले, "सर, माझी हजेरी हिच्यापेक्षा कमी आहे." आणि ते खरं होतं. चुलतबहिणीचं लग्न आणि नंतर मला झालेली कावीळ, यात माझा बराच काळ गेला होता. दाखला मी दिला नव्हता, कुणी मागितलाही नव्हता.

तुम्ही विचारलंत, "यादीत तुझं नाव आहे का?"

"नाही."

"मग तू कशाला आलीस? जा, अभ्यास कर."

त्या दिवशी घरी जाऊन मी आप्पांच्या पुढ्यात बसले. एवढं एक काम करा म्हणाले. आप्पा म्हणाले, "एकीसाठी नियम मोडला तर उद्या दारात रांग लागंल."

"आन् माझ्यासाठी मोडला तो?"

"तुझ्यासाठी मी कुणाला एक शब्द बोललो न्हाई."

आप्पा, ते खरं आहे, मला माहीत आहे. तुम्हाला बोलावंच लागलं नाही. तुमचं नाव माझ्या नावापुढे लागतं, तेवढं पुरलं. करुणाच्या नावापुढे काय लागतं, तेही इथे सगळ्यांना माहीत आहे.

सूत्रसंचालक मॅडमनी चिठ्ठी पाठवली आहे. वेळ झाली, कळलं मॅडम, आवरतेच.

मी ठरवलं होतं, की करुणा बसणार नसेल तर मीही परीक्षेला बसायचं नाही. विहारात जाऊन तिला तसं सांगितलं. मला वाटलं होतं, ती गळ्यात पडेल. तिला राग आला. म्हणाली, "तू राहिलीस तर तुझं एक साल जाईल, आन् माझं काय परत येणार हाय? खाली बस. तुझा मक्तेदारीचा आलेख अजून चुकतोय."

आणि तिनं शिकवलं. स्वतःला बसता येणार नव्हतं, त्या परीक्षेसाठी तिनं आम्हा सहाजणांना शेवटपर्यंत शिकवलं. तुमच्यापैकी कुणी असं करू शकलं असतं का? मी नसते करू शकले.

इकॉनॉमिक्सच्या पेपरला ती शिफ्ट बदलून गेटवर आली. वडापावच्या गाडीजवळ उभी राहून विक्रमला व्याख्या विचारत होती. तो घाबरून एकात एक मिसळत होता आणि ती शांतपणे पुन्हा विचारत होती. घंटा झाली, आम्ही आत निघालो. बोलता बोलता तीही दोन पावलं आत आली. वॉचमननं हात आडवा केला. "हॉलतिकीट?"

ती म्हणाली, "मी सोडायला आलीय."

मी मागे वळून पाहिलं. तिनं हातानं खूण केली, जा म्हणून. मी गेले आणि पेपर लिहिला. संधी खर्चावर प्रश्न होता. उत्तर लिहिताना डोळ्यांना दिसत नव्हतं, तरी पूर्ण लिहिलं, कारण नाही लिहिलं असतं तर ती ओरडली असती.

आम्ही सहाही जण पास झालो. विक्रमही. बाहेरच्या फ्लेक्सवर आमचे फोटो आहेत, आणि सर्वांत वर, सर्वांत मोठे, ज्यांनी आम्हाला एकही तास शिकवलं नाही त्यांचे आहेत.

करुणा आज इथे नाही. ती कोरेगाव भीमाला मावशीकडे, साळूबाईंकडे, राहायला गेली. तिकडे एका कंपनीत लागली आहे. परवा फोनवर मी तिला म्हणाले, "पुढच्या साली बस ना." ती म्हणाली, "पुढच्या साली हजेरी कोण लावंल माझी? कामाचं टाइमिंग तर तेच हाय." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

असो. अध्यक्ष महोदयांनी आणि पाहुण्यांनी मला मध्येच थांबवलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. सकाळपासून खुर्च्या लावणारे शिपाईमामा, चहा करणाऱ्या गिताबाई, माइकवाले दादा, आपले सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात माझ्याकडून एक चूक झाली आहे, तिची माफी मात्र मला व्यासपीठाकडे मागायची नाही, करुणाकडे मागायची आहे. त्याच फोनवर ती म्हणाली होती, "भाषणात बोलायचं तर बोल, पण माझ्या हुशारीचं लावू नको. मी ढ असते, तर त्यांनी केलं ते बरोबर झालं असतं का?"

आणि मी इतका वेळ तिच्या हुशारीचंच लावत बसले. करुणा, चुकले. ती ढ असती तरी तिला परीक्षेला बसू द्यायला हवं होतं. एवढंच बोलून मला खाली बसायचं होतं.

नमस्कार.