उंदरांच्या धुतलेल्या शेपट्यांबाबत

मी, प्रयोगशाळेतल्या मुख्य मॅडमची सासू, वय ६८, धंदा घरकाम (हवालदारांनी आधी ‘काही नाही’ लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं), राहणार मॅडमच्याच घरी, पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की,

माझा मुलगा कारखान्यात बुटांना सोल चिकटवतो. त्या गोंदात एक रसायन असतं. त्याच्या वाफेनं कॅन्सर होतो का, हे माझी सून दोन वर्षं उंदरांवर तपासते आहे. अर्ध्या उंदरांना वाफ, अर्ध्यांना साधी हवा. मुलाच्या अंगाला रोज तोच वास येतो. घरात त्याबद्दल कोणी बोलत नाही.

काल दुपारी घराची किल्ली विसरले म्हणून मी सुनेकडे प्रयोगशाळेत गेले. कशाला हात लावू नका, असं बजावून ती मीटिंगला गेली. मी बसले. पण समोर उंदरांच्या शेपट्यांवर काळ्या रेघा. म्हटलं, पोरीला कामाच्या रगाड्यात सवड कुठली? साबणानं रेघा निघेनात, म्हणून कपाटातलं स्पिरिट घेतलं आणि सगळ्या शेपट्या लख्ख केल्या. बिचारे एकेकटे तोंड पाडून बसलेले, म्हणून पुसून एकाच मोठ्या पिंजऱ्यात सोडले. एक चावला. कोणता ते सांगता येणार नाही, खूण मीच पुसली होती.

सून आली, बघितलं आणि फरशीवरच बसली. वाफ कोणी घेतली हे त्या रेघांवरूनच कळायचं. हे मला तेव्हा कळलं.

तिच्या मोठ्या साहेबांनी तक्रार केली आहे की, कारखान्यानं मला फितवलं. साफ खोटं. फितवलं असतं तर मी इतक्या मनापासून घासलं नसतं. यात सुनेचा काही दोष नाही, तिची नोकरी जाऊ नये.

रात्री घरी मी तिला विचारलं, आता काय? ती म्हणाली, “पुन्हा पहिल्यापासून. आणखी दोन वर्षं.”

मी मुलाकडे बोट दाखवून म्हटलं, “आणि तोवर हा?”



म्हणून आज सकाळी मी त्याचा कारखान्याचा युनिफॉर्म बादलीत भिजत घातला. उंदरांचा निकाल लागेपर्यंत तो भिजतच राहील. मुलगा आज घरी आहे. मी ठाण्यात यायला निघाले, तेव्हा सून त्या बादलीत आणखी साबण टाकत होती.

हवालदारांनी हे सगळं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मी बोलले तसंच उतरलं आहे, म्हणून खाली सही केली.